एकदा हीव येऊन गेलं की

माय,

तुझी नात पोटुशी आहे. पाचवा महिना लागला आहे आणि ती समुद्रापलीकडे जायचं म्हणत होती. मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी अजून कोणापुढे बोललेली नाही. मी भीत नाही असा घरात सगळ्यांचा समज आहे आणि तो मीच करून दिला आहे. शाळेत असताना व्हरांड्यात माझ्या चपलांचा आवाज आला की वर्ग गप्प व्हायचा. निवृत्त झाले तरी आमगावच्या चौकात माझे जुने विद्यार्थी, आता स्वतः बाप झालेले, मला पाहून सिगरेट पाठीमागे लपवतात. अशा बाईनं कोणाला सांगायचं की रोज पहाटे भीतीनं जाग येते? म्हणून तुला सांगते. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे मला तुझ्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं.

आधी सगळं नीट सांगते. तुझ्या नातीचा नवरा राइस मिलची यंत्रं बसवतो. चांगला मुलगा आहे, कमी बोलतो, कामात पक्का. त्याच्या कंपनीनं त्याला वर्षभरासाठी इंडोनेशियातल्या एका बेटावर पाठवलं आहे. तिथेही धानच पिकतं. तो फोनवर फोटो पाठवतो तेव्हा मला क्षणभर वाटतं, हे आपलं कामठ्याचं शिवार आहे: तशाच बांध्या, तसाच चिखल, तसेच बगळे. फक्त मागे नारळाची झाडं आणि त्यामागे जंगल. ते जंगल पाहिलं की मी फोन परत देऊन टाकते. पोरगी एरवी नागपूरला राहते, घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. दिवस गेल्याचं कळल्यावर तिला मी इकडे आमगावला आणलं. तीन आठवडे नीट गेले. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात वड्यांसाठी कोचईच्या पानांना बेसन लावत होते, ती ओट्याला टेकून कच्चं बेसनच बोटानं चाटत होती, आणि म्हणाली, "आई, मी महिनाभर त्याच्याकडे जाऊन येते. सातव्याच्या आत परत."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तो आहे तिथे."

मी पान गुंडाळत राहिले. "जंगल आहे तिथे. डास आहेत."

ती हसली. "आई, मी आमगावची आहे. डास मला नावानं ओळखतात."

तिचे बाबा बाहेर ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर वाचताना त्यांचे कान नेहमीच स्वयंपाकघरात असतात. मला चिडवायचं असलं की ते मला मॅडम म्हणतात. ते तिथूनच बोलले, "मॅडम, जाऊन राहिली त जाऊ द्या न! थो पोट्टा तिकडं एकटा पडून राहिला. आन तिले का होते? दोन डाव मलेरिया येऊन गेला तिले लहानपणी. एकदा हीव येऊन गेलं की रक्त पक्कं होते. आता तिले काई नाई होत."

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. माय, हे तुझं वाक्य होतं. शब्द न् शब्द. त्यांनी ते तुझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही, तू म्हणालीस तेव्हा ते आपल्या घरात जावई म्हणून आलेही नव्हते. पण आपल्याकडे हे वाक्य कोणा एकाचं नाहीच. गोंदियाच्या पूर्वेला जंगलाकडे सरकत गेलं की प्रत्येक घरात कोणी ना कोणी ते म्हणतं. आपण जणू हिवावर पोसलेली माणसं, बाहेरच्यांनी भ्यावं, आपल्याला काय! मी वर्गात नववी-दहावीच्या पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं की असं नसतं. वारंवार ताप येणाऱ्याच्या अंगात थोडी ताकद येते हे खरं, पण ती अर्धवट असते, त्या भागातून बाहेर राहायला गेलं की ओसरते आणि गरोदर बाईच्या बाबतीत तर तिच्यावर विसंबूच नये. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन बापाचं ऐकायची. माझ्या स्वतःच्या घरात माझ्या नवऱ्यानं तेच केलं.

मी वड्या वाफवायला ठेवल्या आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मला ताई दिसत होती, तुझी थोरली, त्या वर्षीची.

दिवाळी होऊन गेली आहे. कामठ्याच्या घरासमोर धानाच्या पेंढ्या रचल्या आहेत. ताईच्या लग्नाला वर्षही झालेलं नाही, ती पाच महिन्यांची पोटुशी आहे आणि दिवाळीसाठी माहेरी आलेली आहे. तिचं सासर सालेकसाकडच्या डोंगरांच्या पायथ्याला. तिचे यजमान, माझे भाटवे, बैलगाडी घेऊन तिला न्यायला आले आहेत, कारण त्यांच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, आहे. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला नवी सून घरात असलीच पाहिजे. गावोगावचे पाहुणे येतात, रात्रभर नाटक पाहतात, सकाळी घरी जेवायला बसतात आणि विचारतात, सून कुठं आहे? ती दिसली नाही तर बोलणं होतं. आबा लेकीच्या काळजीनं तुला म्हणाले, तिकडं सध्या ताप आहे म्हणतात. तू चुलीपुढे बसली होतीस. मागे न पाहता म्हणालीस, "तिले लहानपणीच हीव येऊन गेलं. आता तिले काई नाई होत. जाऊ द्या." तू करंज्या-अनारशांची टोपली बांधून गाडीत ठेवलीस. पंधरवड्यात ताई परत आली ती त्याच गाडीतून, खाली अंथरलेल्या तणसावर झोपून. दात वाजत होते. मी तिच्यावर गोधड्या टाकत होते आणि त्या हलत होत्या. मग ती तापली, इतकी की तिच्या अंगाजवळ बसवत नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या लोकांनी केलं ते केलं. मूल आधी गेलं. मग ती.

गावात सगळे म्हणाले, बाळंतपणात गेली. तू ते तसंच म्हणू दिलंस. आमच्या घरातही पुढे तेच चाललं. माझ्या लेकीला ठाऊक आहे ते एवढंच की तिची एक मावशी होती आणि ती बाळंतपणात गेली. त्या काळी जात, असं म्हणून ती पुढे जाते. बाळंतपणाला चार महिने होते, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

मी तिला गोंदियाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मनात म्हटलं, मी बोलले तर आई बोलते असं होईल, त्यांनी बोलावं. बाई वयानं माझ्यापेक्षा लहान, पण स्पष्ट. सगळे कागद पाहिले, पोट तपासलं आणि पोरीचं म्हणणं ऐकून घेतलं. पोरीनं तिथेही तेच वाक्य टाकलं, की मला मलेरिया होऊन गेलाय. बाईंनी चष्मा काढला.

"ये गलतफहमी इधर बहुत है, बेटा. सब यही बोलते हैं, हमको तो हो चुका. तुम नागपुर में कब से हो?"

"कॉलेजपासून."

"तो वो ताकत कब की चली गई. और पेट में बच्चा हो तो मलेरिया माँ को भी भारी पड़ता है, बच्चे को भी. ऊपर से दूसरे बुखार हैं मच्छर वाले, जिनकी कोई गोली ही नहीं. मेरी सलाह पूछोगी तो मत जाओ."

मी खुर्चीत मागे टेकून बसले. तेवढ्यात पोरीनं विचारलं, "जायचंच ठरलं तर, मॅम?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कोणत्या गोळ्या गरोदरपणात चालतात, कोणत्या नाही, तिथे जवळ मोठा दवाखाना आहे का, अंगभर कपडे, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, सगळं शांतपणे सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "फैसला आपका है."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती बाहेर पाहत होती. धान निसवायला आलं आहे, लोंब्या फुटताहेत, सगळीकडे तो वास असतो. मी म्हटलं, "ऐकलंस ना?"

"ऐकलं. फैसला आपका है."

"त्याच्या आधीचं ऐकलंस का?"

"तेही ऐकलं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मागच्या वेळी मी एकटी होते, आई."

मागच्या वर्षी तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा नवरा कामावर ओडिशात होता. ती नागपूरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या फरशीवर बसून होती. शेजारणीनं रिक्षात घालून नेलं. मी मिळेल त्या गाडीनं पोचले तेव्हा ती दवाखान्याच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि मला म्हणाली, "तू कशाला धावत आलीस, झालं सगळं." तेव्हापासून ती रात्री फोन उशाशी घेऊन, त्याच्याशी बोलता बोलता झोपते. मी ते पाहते. तिला तिकडे फिरायला जायचं नाही, समुद्र पाहायचा नाही. तिला पोटावर त्याचा हात हवा आहे, एवढंच. एवढ्याशा मागणीला मी जंगल दाखवून नाही म्हणायचं.

घरी आल्यावर तिचे पाय दुखत होते. मागच्या अंगणात बादलीत कोमट पाणी घालून दिलं, ती पाय सोडून बसली आणि मी तिला ताईचं सांगितलं. सगळं सांगितलं, गाडी, तणस, गोधड्या. मी वर्गात शिकवायचे तशीच सांगत होते, सलग, आवाज न बदलता. मला वाटलं, ती घाबरेल. मला तिला घाबरवायचंच होतं, माय, ते कशाला लपवू? ती घाबरली नाही. तिनं विचारलं, "आजीनं पाठवलं?"

"हो."

"आणि मावशीला जायचं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी नेहमी तूच पाठवलीस इथपर्यंत यायचे आणि थांबायचे. पण तिनं विचारलं आणि मला ती सकाळ पुन्हा दिसली. ताई आरशाच्या तुकड्यात पाहून कुंकू लावते आहे, पुसते आहे, पुन्हा लावते आहे. भाटवे बैलांना पाणी दाखवताहेत आणि ती दाराच्या फटीतून त्यांच्याकडे पाहते आहे. आणि तू हसून म्हणतेस, "पाहाय वं, पाहाय, नवरा आला त कशी फुलून राहिली! आता हिले दोरीनं बांधलं तरी राहाची नाई." ताईनं तुझ्या पाठीत बुक्की मारली होती.

"होतं," मी म्हणाले. "तिला जायचं होतं."

"मग आजीनं काय करायचं होतं? बांधून ठेवायची?"

मी तिचे पाय पुसायला पंचा घेतला. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच पुसले. म्हणाली, "ऐक. तू सांग. तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार. पण डॉक्टर असं म्हणाल्या, मावशीचं तसं झालं, हे नको. सरळ सांग, जा किंवा नको. रविवारी तिकीट काढायचं आहे."

ते दिवस कसे गेले ते मला ठाऊक. भांडीवालीवर ओरडले, तिच्या बाबांवर ओरडले, गॅसवर दूध उतू घालवलं. त्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, तब्येत ठीक आहे न? कायले एवढ्या भडकून राहिल्या?" मी म्हटलं, तुमच्या पक्क्या रक्तामुळे. त्यांना काही कळलं नाही. बिचारे त्यानंतर जेवताना पाणीही स्वतःच घेत होते.

त्या दिवसांत मला तू सारखी आठवत होतीस, पण ताईच्या वेळची नाही, नंतरची. मी गोंदियाच्या कॉलेजात होते. प्राणिशास्त्राचं जाड पुस्तक घरी आणलं होतं आणि तुला चुलीपुढे बसवून डासाचं चित्र दाखवलं होतं. हा बघ, हा चावतो, रक्तातून हे जंतू असे यकृतात जातात, रक्त पक्कं बिक्कं काही होत नाही. मला फार आनंद होत होता, मला सगळं कळलं होतं. तू चित्राकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. म्हणालीस, "हे पुस्तक तेव्हा काऊन नाई आणलंस?" आणि उठून गोठ्यात गेलीस. ते पुस्तक मी तुझ्यासमोर पुन्हा उघडलं नाही.

आणि आणखी एक. ताई गेल्यावर तू कोणाला कशाला हो म्हटलं नाहीस आणि नाहीही म्हटलं नाहीस. मी कॉलेजात जाऊ का, विचारलं. म्हणालीस, "तुह्या मनानं पाहाय." नोकरी धरू का? तुह्या मनानं पाहाय. हे स्थळ आलंय, करू का? तेच. माझ्या लग्नात मांडवात उभी राहून तू सगळ्यांना जेवायला वाढत होतीस आणि मला वाटत होतं, हिला माझं काही पडलेलंच नाही. माझ्या पोटात ही पोरगी होती तेव्हा मी कामठ्याला यायचं का नाही, हेही तू मला ठरवू दिलंस. मी चिडून यायचं टाळलं आणि इथेच बाळंत झाले. तू बाराव्या दिवशी आलीस, तिला मांडीवर घेतलंस आणि काही बोलली नाहीस. तू घाबरली होतीस, माय. तुझ्या तोंडून निघालेल्या 'जाऊ द्या'ला तू इतकी घाबरली होतीस की उरलेलं आयुष्य तू ते तोंड बंद ठेवलंस. मला ते कळायला माझ्याच तोंडाची पाळी यावी लागली.

रविवारी सकाळी ती चहा घेऊन माझ्या समोर बसली. तिचे बाबा शेतावर गेले होते. ती म्हणाली, "सांग."

तुझं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं. तुझ्या मनानं पाहा. किती सोपं आहे ते! शिकल्या-सवरल्या बाईला शोभतं, पोरगी मोठी आहे, नोकरी करते, निर्णय तिचा. पुढे काही झालं तर मी पाठवलं नव्हतं आणि मी अडवलंही नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या कपातला चहा तसाच होता.

मी म्हटलं, "नको जाऊ."

"का?" असं ती विचारेल म्हणून मी थांबले. तिनं विचारलं नाही. मान हलवली, कप उचलला आणि उठून गेली. थोड्या वेळानं तिच्या खोलीतून फोनवर बोलण्याचा आवाज आला. दुपारी जावयांनी मला फोन केला. "आई, तुम्ही म्हणता तर ठीकच असेल. मी साहेबांशी बोलतो, तिच्या तारखेच्या वेळी सुटी मिळते का पाहतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. मिळेल का सुटी, विचारायचा धीर मला झाला नाही.

पोरगी माझ्याशी बोलते. काय जेवायचं, गोळी घेतली का, एवढं बोलते. वड्या आवडीनं खायची, आता अर्धी ठेवते. परवा तिनं ओट्यावरचं बेसन चाटलं नाही. तिचे बाबा मला एकटीला गाठून म्हणाले, "पोरगी रुसून राहिली. तुम्ही जरा जास्तच कडक केलं." मी म्हटलं, हो, केलं. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून सगळ्या खिडक्यांना लावायला जाळी घेऊन आले आणि दिवसभर शिडीवर चढून ठोकत बसले.

शाळेतल्या उरलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांवर हे लिहिते आहे. हे कुठे जायचं नाही, कपाटातही ठेवणार नाही. मला वाटलं होतं, नको म्हटलं की भीती संपेल. निदान त्या भीतीतला बेटाचा, जंगलाचा भाग संपेल. तसं झालं नाही. मूल अजून पोटात आहे, चार महिने जायचे आहेत आणि डास आमगावलाही आहेत. तिकडे ती त्याचा हात पोटावर घेऊन निश्चिंत झोपली असती आणि इकडे माझ्यापासून तोंड फिरवून झोपते आहे, त्याचं काय होतं पोटातल्या जिवाला, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी बरोबर केलं असेन. बहुतेक बरोबरच केलं. तरी पहाटे जाग येतेच.

आणि एक सांगते, हे तिच्या बाबांनाही ठाऊक नाही. दुपारी ती झोपली की मी तिच्या खोलीत जाते. तिला जाग आली तर म्हणते, पडदा ओढायला आले होते, तोंडावर ऊन येतं तुझ्या. ती बरं म्हणते आणि कूस बदलते. तोवर मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिलेला असतो. त्या खिडकीला दुपारी ऊन येत नाही, माय.